उलट फिरणारी विटी

शाळेच्या कार्यालयात माझ्या टेबलाला डाव्या हाताशी एक खण आहे. विद्यार्थ्यांकडून जप्त केलेल्या वस्तू त्यात ठेवण्याची प्रथा माझ्या आधीच्या मुख्याध्यापकांपासून चालत आलेली आहे. तीस वर्षांपूर्वी मी शिक्षकी पेशात पाऊल ठेवले, तेव्हा अशा खणांत गोट्या, भोवरे, बेचक्या आणि क्वचित एखादी रहस्यकथा सापडे. आता त्यांची जागा मोबाईल फोनने घेतली आहे. विद्यार्थ्यांनी शाळेत फोन आणावयाचा नाही, असा आमचा नियम आहे. तो मीच केलेला आहे, आणि आजही तो मला सर्वस्वी अनाठायी वाटत नाही. परंतु गेल्या हिवाळ्यात त्याच नियमाने मला असा एक धडा दिला, की तो वाचकांपुढे मांडल्यावाचून राहवत नाही.

नववीच्या वर्गातील एक मुलगा मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला उकिडवा बसून फोनवर काहीतरी चित्रित करीत होता. समोर त्याचे दोन सोबती विटी-दांडू खेळत होते. मी गेलो, फोन त्याच्या हातातून घेतला आणि एक शब्दही न विचारता खणात टाकून कुलूप लावले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेपूर्वीच त्याचे वडील दाराशी उभे. गवंडीकाम करणारे गृहस्थ, कपड्यांवर सिमेंटचे डाग तसेच. "सर, पोरगं चुकलं माझं," ते म्हणाले, "पण त्यो फोन माझा हाय. कामाचं बोलावणं त्याच्यावरच येतंय. काल आलेलं कळलंच नाही, आजची हजेरी बुडाली." मी फोन परत केला, मुलाला समज द्यावयास सांगितले आणि विषय संपला असे समजलो. एका माणसाची दिवसभराची मजुरी माझ्या खणात कुलूपबंद होती, ही गोष्ट मात्र मनात सलत राहिली.

त्याच दुपारी विज्ञानाच्या बाई कार्यालयात आल्या. "सर, त्या फोनमध्ये काय होतं ते आपण पाहिलंत का?" त्यांनी विचारले. मी पाहिले नव्हते. "वर्गात वर्तुळाकार गतीचा पाठ चालू आहे. फिरत फिरत पुढे जाणाऱ्या वस्तूचा फिरण्याचा वेग कसा मोजाल, असं मी मुलांना विचारलं होतं. हा मुलगा विटी सेकंदाला किती फेरे घेते ते मोजत होता. आणि आता माझ्या मागे लागलाय, 'बाई, फोनात बघितलं तर विटी उलटी फिरायलीय!'"

मी हसलो, पण ते हसू अर्ध्यावरच थांबले. कारण हाच प्रश्न, वेगळ्या रूपाने, मी स्वतः एकदा वर्गात विचारला होता.

१९८० च्या सुमारास यात्रेच्या दिवसांत आमच्या गावी तंबूतला सिनेमा येत असे. एका पौराणिक चित्रपटात चौखूर उधळलेल्या घोड्यांचा रथ पुढे धावत होता आणि त्याची चाके मात्र संथपणे मागे मागे फिरत होती. मी डोळे चोळून पाहिले. चाके मागेच जात होती. दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करून मी ते विचारले. "सिनेमातलं सगळंच खोटं असतं. तू आधी पाढे पाठ कर," असे म्हणून गुरुजींनी मला बाकावर उभे केले आणि वर्ग हसला. त्यानंतर विज्ञानाच्या तासाला मी कधी शंका विचारल्याचे मला स्मरत नाही. पुढे मी मराठी घेऊन एम. ए. झालो; त्याचे श्रेय त्या बाकाला देणे अन्यायाचे होईल, भाषेची ओढ उपजतच होती. तथापि, रथाचे चाक उलटे का फिरते, हा प्रश्न मनाच्या कोपऱ्यात तसाच पडून राहिला होता. आणि आता त्याच प्रश्नासाठी मी दुसऱ्या एका मुलाला जणू बाकावरच उभे केले होते.

मी बाईंना म्हणालो, "येत्या शनिवारी शेवटचे दोन तास घ्या. फोन लागतील तेवढे आणा. मीही बसेन मागच्या बाकावर."

फोन : मोजपट्टीही, घड्याळही

शनिवारी मुलाचे वडील स्वतः फोन घेऊन आले आणि संकोचाने दाराशीच उभे राहिले. बाईंनी प्रथम एक साधीच गोष्ट समजावून सांगितली. चित्रफीत म्हणजे हलते चित्र नव्हेच. ती स्थिर चित्रांची माळ आहे. साधा फोन एका सेकंदात बहुधा ३० चित्रे टिपतो. म्हणजे लागोपाठच्या दोन चित्रांमधील काळ एका सेकंदाचा तिसावा भाग. चित्रे मोजली की वेळ मोजला गेला. आणि चित्रात एक मीटर लांबीची पट्टी दिसत असेल, तर तिच्याशी ताडून कोणतेही अंतर मोजता येते. हातातला फोन अशा रीतीने एकाच वेळी मोजपट्टीही होतो आणि घड्याळही.

मग तयारी सुरू झाली. शाळेच्या चुना मारलेल्या भिंतीपुढे, भरपूर उन्हात, विटी उडवावयाची जागा ठरली. विटी ज्या पातळीत उडणार त्याच पातळीत मीटरपट्टी उभी केली. कारण पट्टी मागे भिंतीला टेकवली आणि विटी पुढे उडाली, तर दूरची पट्टी लहान दिसून सारी मापे चुकतात. फोन चार-पाच मीटर दूर एका स्टुलावर, दोन विटांच्या आधाराने, भिंतीशी काटकोनात बसवला. हातात धरलेला फोन हलतो, आणि मोजणारा हलला तर मोजमापाला काय अर्थ? पट्टी उभी आहे की कललेली, यावर मुलांचा वाद चालला असता दाराशी उभे असलेले ते गृहस्थ पुढे झाले, पिशवीतून ओळंबा काढला आणि तो पट्टीशेजारी लोंबता सोडला. "ह्याला बघून लावा," एवढेच ते म्हणाले. पुढच्या साऱ्या चित्रांत तो ओळंबा आहे, आणि आमची उभी रेषा त्यानेच ठरवली आहे.

विटी-दांडू न खेळलेल्या आजच्या बालवाचकांसाठी सांगावयाचे तर, विटी म्हणजे दोन्ही टोकांना निमुळता केलेला वीतभर लाकडी तुकडा. जमिनीवर ठेवून तिच्या एका टोकावर दांडूने वरून आघात केला, की ती गरगर फिरत वर उसळते. मग खेळाडू ती हवेतच टोलवतो. आम्हांला टोला नको होता. नुसते उसळणे पुरे होते. मुलाच्या वडिलांच्या साध्या फोनने सेकंदाला ३० चित्रे घेतली. बाईंच्या फोनमध्ये मंदगती चित्रणाची सोय होती, तो सेकंदाला २४० चित्रे घेत होता. एकच विटी, एकच उड्डाण, आणि दोन साक्षीदार.

वर्गात पडद्याऐवजी भिंतीवर चित्रकलेचा मोठा कागद चिकटवला होता. त्यावर एकेक चित्र थांबवून मुलांनी पेन्सिलीने विटीच्या दोन्ही टोकांवर ठिपके दिले. दोन ठिपके जोडणारी रेषा म्हणजे त्या क्षणीची विटी. त्या रेषेचा मध्य म्हणजे विटीचे वस्तुमानकेंद्र. सारे वजन जणू तेथेच एकवटले आहे असे मानता येईल असा बिंदू. आणि त्या रेषेने आडव्या रेषेशी केलेला कोन म्हणजे विटीच्या फिरण्याची नोंद.

येथे पहिले नवल घडले. टोकांचे ठिपके पाहावे तर नुसता गोंधळ : वर, खाली, मागे, पुढे, वेटोळ्यांचे जाळे. परंतु मध्यबिंदू जोडत गेल्यावर त्या गोंधळातून एक स्वच्छ, डौलदार कमान उमटली. फेकलेला दगड जी वाट धरतो तीच ही कमान; गणितात तिला अन्वस्त म्हणतात. विटी कितीही गरगरो, तिचा मध्य मात्र फेकलेल्या खड्यासारखा निमूटपणे आपली वाट चालतो. प्रत्येक तिसरे चित्र घेऊन, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या अंतराने, मुलांनी मध्यबिंदूची उंची मोजली. लागोपाठच्या दोन टप्प्यांत विटी जेवढी वर वा खाली गेली, त्यातील फरक प्रत्येक वेळी जवळजवळ दहा सेंटिमीटर भरला. पृथ्वीचे गुरुत्वत्वरण सेकंद-वर्गाला सुमारे ९·८ मीटर असते. त्यावरून हा फरक ९·८ सेंटिमीटर यावयास हवा. भिंतीवरील कागद आणि पेन्सिलीच्या साहाय्याने नववीच्या मुलांनी पृथ्वीची ओढ मोजली होती!

दोन साक्षीदार, दोन साक्षी

आता मुख्य प्रश्न फिरण्याचा. वर्गाचे दोन गट पडले आणि प्रत्येकाने एकेका फोनचे चित्रण घेतले. (पुढील आकडे वाचकांच्या सोयीसाठी मी पूर्णांकांत देत आहे.)

मंदगती फोनच्या गटाला लागोपाठच्या दोन चित्रांत विटी १२ अंशांनी फिरलेली दिसली. सेकंदाला २४० चित्रे. म्हणजे सेकंदाला २,८८० अंश. एका फेऱ्यात ३६० अंश, म्हणून सेकंदाला ८ फेरे. साध्या फोनच्या गटाला मात्र दोन चित्रांत विटी ८४ अंशांनी फिरलेली दिसली, आणि तीही उलट दिशेने. सेकंदाला ३० चित्रे; म्हणून २,५२० अंश, अर्थात ७ फेरे. एक गट म्हणतो विटी आठ फेरे सुलट फिरली. दुसरा म्हणतो सात फेरे उलट. एकाच विटीचे एकच उड्डाण, आणि साक्षी अशा परस्परविरुद्ध! वर्गात मोठाच गलका झाला. तो मुलगा उभा राहून पुन्हा पुन्हा सांगत होता, "मी सांगत नव्हतो? उलटीच फिरायलीय!" काही मुले माझ्याकडे न्यायाधीशासारखी पाहू लागली. मराठीचा शिक्षक काय न्याय देणार? मी बाईंकडे पाहिले, आणि बाई शांतपणे मुलांकडे पाहत राहिल्या.

तेव्हा कोपऱ्यातील एक मुलगी उठली. ती सहसा बोलत नाही. "बाई," ती म्हणाली, "दांडू टोकावर वरून बसतो ना? मग मार बसलेलं टोक आधी खाली जाणार. दुसरं टोक वर येणार. साध्या फोनचं खरं मानलं तर मार बसलेलं टोकच आधी वर यायला हवं. असं कसं होईल?" वर्ग गप्प झाला. तिने ना कोनमापक वापरले होते, ना गणित. केवळ कारण आणि कार्य यांची सांगड घातली होती. तरीही साध्या फोनच्या चित्रात चूक कोठे होती, हे कोणालाच सांगता येईना. चित्रे खरी होती. ठिपके खरे होते. कोनही बरोबर मोजले होते.

मग बाईंनी विटीचे एक टोक तांबड्या रंगाने रंगवले आणि प्रयोग पुन्हा केला. आता त्याच साध्या फोनच्या चित्रांत तांबडे टोक प्रत्येक वेळी ९६ अंशांनी सुलट दिशेनेच फिरलेले आढळले. ९६ गुणिले ३०, म्हणजे २,८८० अंश. आणि उत्तर आले सेकंदाला आठच फेरे. दोन्ही साक्षीदार एकमताने बोलू लागले.

घोटाळा कोठे होता? न रंगवलेल्या विटीची दोन्ही टोके हुबेहूब सारखी. ती ९६ अंश सुलट फिरली काय किंवा ८४ अंश उलट फिरली काय, चित्रात ती अगदी एकसारखीच दिसते. कारण ९६ आणि ८४ मिळून १८० होतात, आणि अर्धा फेरा फिरलेली विटी पहिल्यासारखीच दिसते. दोन चित्रांच्या मध्ये काय घडले, हे चित्राने पाहिलेलेच नसते. ती मधली जागा आपले डोळे आणि आपले मन भरून काढतात, आणि मन नेहमी जवळची वाट धरते. ८४ ही ९६ हून जवळची, म्हणून विटी उलटी.

रथाचे चाक आणि घरचा पंखा

माझ्या रथाच्या चाकाचे कोडेही त्याच क्षणी सुटले. बोलपटात एका सेकंदाला २४ चित्रे असतात. चाकाला बारा आरे असतील तर दोन आऱ्यांत ३० अंशांचे अंतर. चाक दोन चित्रांत बरोबर ३० अंश फिरले, तर प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागी येऊन बसतो आणि चाक थिजल्यासारखे दिसते. ते २७ अंशच फिरले, तर प्रत्येक आरा जणू ३ अंश मागे सरकलेला दिसतो, आणि भरधाव रथाची चाके संथपणे मागे फिरू लागतात. गुरुजींनी सांगितले तसे हे खोटे नव्हते. प्रत्येक चित्र खरेच होते. ती चित्रे फक्त पुरेशी नव्हती.

हाच खेळ घरच्या छताच्या पंख्यावरही पाहता येतो. तीन पाती, म्हणून दोन पात्यांत १२० अंश. पंखा मिनिटाला ३५० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ३० चित्रे घेणाऱ्या फोनच्या दोन चित्रांत तो ७० अंश फिरतो. १२० मधून ७० वजा केले की उरतात ५०. ही उलटी वाट जवळची, म्हणून चित्रफितीत पंखा मागे फिरताना दिसतो. पंखा बंद असताना घरातील मोठ्या माणसाने एका पात्यावर पांढऱ्या कागदाची पट्टी घट्ट चिकटवली, की सारा संभ्रम दूर होतो. नियम असा, की वस्तू जितक्या अंशांनंतर पुन्हा स्वतःसारखीच दिसते, त्याच्या निम्म्याहून कमी अंश ती दोन चित्रांत फिरली पाहिजे. अन्यथा चित्रफितीवर विश्वास ठेवू नये. याच तत्त्वाचा व्यापक विचार अमेरिकेत हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये केला. आज दूरध्वनीवरील आवाजापासून संगणकावरील संगीतापर्यंत, तुकड्यातुकड्यांनी नोंदल्या जाणाऱ्या साऱ्या गोष्टींचा हिशेब त्यावर उभा आहे.

डोळ्यांना दिसते ते आणि असते ते, यांतील भेदाची जाण आपल्या परंपरेला नवी नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या आपल्या ग्रंथात पृथ्वीचे फिरणे समजावताना नावेतील माणसाचा दृष्टान्त दिला : नाव पुढे जाते आणि काठावरील अचल वस्तू मागे जाताना दिसतात. ज्ञानेश्वर महाराजांनीही चौथ्या अध्यायात नावेचाच दाखला देऊन काठावरच्या झाडांचे धावणे हा कसा आभास आहे ते दाखवले आहे. माझ्या तासाला मी ती ओवी वर्षानुवर्षे शिकवत आलो. परंतु ती शिकवताना विज्ञानाच्या वर्गाचे दार उघडून पाहावे, असे मला कधी सुचले नव्हते.

क्षण थांबवण्याचा ध्यास

धावता क्षण थांबवून पाहण्याची ही धडपड दीडशे वर्षांची आहे. भरधाव धावणाऱ्या घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात काय, या प्रश्नाचा निकाल एडवर्ड मायब्रिज यांनी जून १८७८ मध्ये कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे लावला. धावपट्टीच्या कडेने बारा कॅमेरे ओळीने मांडून त्यांनी घोड्याची लागोपाठ चित्रे घेतली, आणि चारही पाय हवेत असल्याचा क्षण जगाला दिसला. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे यांनी १८८२ मध्ये बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवून उडत्या पक्ष्यांची सेकंदाला बारा चित्रे टिपली. पुढे १९३० नंतर अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी लखलखत्या प्रकाशाच्या क्षणिक झोतांनी गरगरणाऱ्या यंत्रांना जणू जागच्या जागी उभे केले.

आपल्याकडे, वडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) निर्माण करण्यापूर्वी वाटाण्याच्या अंकुराच्या वाढीची एक लहानशी चित्रफीत तयार केली होती. ठराविक अंतराने चित्रे घेऊन त्यांनी कित्येक दिवसांची वाढ क्षणांत दाखवली. मंदगती चित्रण वेगवान गोष्ट सावकाश दाखवते. फाळक्यांनी सावकाश गोष्ट वेगवान करून दाखवली. तत्त्व एकच : चित्रे घेण्याची गती आणि दाखवण्याची गती वेगवेगळी ठेवावयाची. मराठी चित्रपटसृष्टीच्या या आद्य पुरुषाची सुरुवातच एका प्रकारे विज्ञानाच्या प्रयोगाने झाली, हे मुलांना सांगताना मला मोठा आनंद झाला.

आणखी प्रयोग, आणि काही खाचखळगे

त्यानंतर शनिवार हा आमच्या शाळेत प्रयोगाचा वारच ठरला. सायकलच्या टायरवर एका जागी तांबडा कागद चिकटवून चित्रण केले, तेव्हा तो कागद वर्तुळात न फिरता कमानींची माळ गुंफत पुढे जाताना दिसला. जमिनीला टेकण्याच्या क्षणी तो अगदी स्थिर असतो, आणि माथ्यावर असताना सायकलच्या दुप्पट वेगाने धावतो. चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर असेल, तर एका फेऱ्यात सायकल सुमारे २·२ मीटर पुढे जाते. चाक सेकंदाला दीड फेरा घेत असेल, तर वेग सेकंदाला ३·३ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ १२ किलोमीटर. फिरण्याचा वेग आणि पुढे जाण्याचा वेग यांचे नाते येथे डोळ्यांनी पाहावयास मिळते.

खानापूरकडील माती कुंभारकामासाठी नावाजलेली. तेथल्या एका कुंभारदादांच्या चाकावर ओल्या पांढऱ्या मातीचा ठिपका देऊन मुलांनी चाकाची दमछाकही मोजली. काठीने फिरवून सोडलेल्या चाकाने पहिल्या दहा सेकंदांत २० फेरे घेतले, आणि एका मिनिटानंतरच्या दहा सेकंदांत १४. "आता गाडगं वर ओढायला जमणार नाही, परत काठी घालायला पाहिजे," असे कुंभारदादा म्हणाले, तेव्हा त्यांनी चित्रफीत पाहिलेली नव्हती. हाताला कळणारी गोष्ट आणि आकड्याने कळणारी गोष्ट यांची ही भेट मला फार मोलाची वाटली.

ज्यांना हे घरी करून पाहावयाचे आहे, त्यांच्यासाठी चार सूचना. मंदगती चित्रण सेकंदाला २४० चित्रांनी घेतलेले असले, तरी पुष्कळदा फोन ते सेकंदाला ३० चित्रांनी दाखवतो. हे ध्यानात न घेतल्यामुळे आमच्या एका गटाचे उत्तर 'सेकंदाला एकच फेरा' असे, म्हणजे आठपट कमी, आले होते. फोन ठरलेल्या गतीनेच चित्रे घेतो आहे की नाही, याची खात्री धावत्या घड्याळाचे चित्रण करून करावी. प्रकाश भरपूर असावा. वीतभर विटी, म्हणजे सुमारे १५ सेंटिमीटरची, सेकंदाला आठ फेरे घेते तेव्हा तिचे टोक मध्याभोवती सेकंदाला पावणेचार मीटर वेगाने फिरते. चित्र टिपण्यास सेकंदाचा २५० वा भाग लागला, तरी तेवढ्यात टोक दीड सेंटिमीटर सरकते आणि चित्र पुसट येते. शेवटची सूचना अशी, की पुष्कळ फोन चित्र एकाच क्षणी न टिपता ओळीओळीने टिपतात, त्यामुळे फार वेगाने फिरणारी पाती वाकडी झाल्यासारखी दिसतात. तो पात्यांचा दोष नव्हे. विटी उसळवताना मात्र समोर कोणाचा चेहरा नसावा. डोळ्यांपेक्षा प्रयोग मोठा नाही.

ज्या शाळेत संगणक आहे तेथे हे काम अधिक सुलभ होते. कॅलिफोर्नियातील कॅब्रिलो महाविद्यालयाचे डग्लस ब्राऊन यांनी तयार केलेला 'ट्रॅकर' नावाचा कार्यक्रम विनामूल्य मिळतो. चित्रातील बिंदूंवर खुणा करीत गेले, की अंतर, वेग, कोन यांचे आलेख तो स्वतःच काढतो. तरीही पहिला प्रयोग कागद, पेन्सिल आणि कोनमापक घेऊनच करावा, असे आमच्या बाईंचे मत आहे. एकदा हाताने कोन मोजले, की आलेखातील तिरपी सरळ रेषा बोलू लागते. हवेत असताना विटीचा फिरण्याचा वेग जवळजवळ बदलत नाही, कारण पृथ्वीची ओढ तिच्या मध्यातून जाते आणि तिला पिळत नाही, हे त्या सरळ रेषेत लिहिलेले असते.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांतील मुले विज्ञान कोठे कन्नडमध्ये, कोठे हिंदीत, गुजरातीत, तेलुगूत, तर पुष्कळदा इंग्रजीत शिकतात. त्यात वावगे काही नाही. परंतु संध्याकाळी विटीचे चित्रण पाहताना आई-वडिलांनी आणि आजी-आजोबांनी कोनीय वेग, वस्तुमानकेंद्र, अन्वस्त हे शब्द सहज वापरावेत. मराठी ही फक्त सणावारांची आणि आरत्यांची भाषा नाही, नवलाचा उलगडाही तिच्यात होतो, हे मुलांना त्याशिवाय कळणार कसे?

असो. त्या पहिल्या शनिवारी, वर्ग सुटण्यापूर्वी, मी उठून मुलांना माझ्या रथाच्या चाकाची आणि बाकाची हकीकत सांगितली. मग त्या मुलाला जवळ बोलावून म्हणालो, "नियम मोडलास ही तुझी चूक. पण काय करतोयस हे मी विचारलं नाही, ही माझी चूक. आणि ती मोठी." तो खाली पाहत उभा राहिला, मग हळूच म्हणाला, "पण सर, विटी सुलटीच फिरत होती की. मीच चुकलो." मी म्हणालो, "तू जे दिसलं ते सांगितलंस. चुकीचं उत्तर शोधून काढायलाही आधी कोणीतरी नीट पाहावं लागतं." त्याचे वडील ओळंब्याची दोरी गुंडाळीत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण दोरी गुंडाळणारे हात क्षणभर थांबले होते.

फोनचा नियम आजही आहे. त्याला एक पोटनियम मात्र जोडला गेला : जप्त करण्यापूर्वी विचारावे. डाव्या हाताच्या खणात आता एकाच वस्तूला कायमची जागा आहे, ती म्हणजे एका टोकाला तांबडा रंग लावलेली विटी. कोणी एखादी विचित्र शंका घेऊन कार्यालयाच्या दाराशी आले आणि माझ्या ओठांवर हसू येऊ लागले, की मी तो खण उघडून पाहतो.